पेपरच्या दिवशी हक्काची रजा

नोकरी सांभाळून दूरशिक्षण घेणाऱ्या परीक्षार्थीला पेपरच्या दिवशी भरपगारी रजा मिळालीच पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. मान्यताप्राप्त दूरशिक्षण संस्थांच्या पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. परीक्षेला बसण्याची संधी मात्र अजून समान नाही.

रात्रपाळी उरकून, डबा आणि हॉलतिकीट एकाच पिशवीत घेऊन केंद्र गाठणाऱ्या कामगाराने तीन तास डोळे उघडे ठेवून लिहायचे तरी कसे? रजा नाकारली आणि एक पेपर बुडाला, की पदवी पुढच्या परीक्षेपर्यंत अडते, पदवीवाचून बढतीही. रोजंदारीवरच्या बाईचा तर एक पेपर तरी जातो, नाहीतर त्या दिवसाची मजुरी.

राज्य सरकारने पुढील सत्रापूर्वी परीक्षा रजेचा आदेश काढावा, तो खासगी आस्थापनांनाही लागू करावा. विद्यापीठांनी वेळापत्रक दोन महिने आधी जाहीर करावे आणि ते पाळावे.