उसाला भाव आहे, मग जुन्या गाडीला का नाही?

मंडळी, जरा विचार करा. आपल्या पुरुषोत्तमनगरात कोणालाही विचारा, यंदा उसाची एफआरपी किती, तो चटकन सांगेल. शहादा बाजार समितीतला कालचा भाव चहाच्या टपरीवर कळतो. जमीन घ्यायची तर सरकारचा रेडी रेकनर आहे. पण तीन-चार लाखांची जुनी गाडी घ्यायची म्हटलं, की भाव कोण सांगतो? एजंट! तोच विकणाऱ्याला सांगतो, "मार्केट पडलंय भाऊ," आणि तासाभराने घेणाऱ्याला सांगतो, "अशी गाडी परत मिळणार नाही."

जनावरांच्या बाजारात पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून सौदा व्हायचा. गाडीच्या व्यवहारात तो रुमाल अजून तसाच आहे, माझं म्हणणं एवढंच.

अमेरिकेत 'केली ब्लू बुक' नावाचं भावाचं पुस्तक 1926 पासून आहे. आपल्याकडेही 'इंडियन ब्लू बुक', 'ऑरेंज बुक व्हॅल्यू' अशा सोयी मोबाईलवर आहेत. जरूर बघा, पण तो अंदाज असतो. खेतियाकडून आलेल्या, उसाच्या रस्त्यावर हाणलेल्या गाडीचे हाल मोबाईलला दिसत नाहीत. आणि जाहिरातीत दिसतो तो मागितलेला भाव. दिलेला भाव वेगळाच असतो.

फुकटात मिळणारा एक आधार मात्र आपण वापरतच नाही. विम्याच्या कागदावरची आयडीव्ही. त्याचं कोष्टक सरळ आहे: कंपनीच्या त्या मॉडेलच्या किमतीतून एक ते दोन वर्षांच्या गाडीला 20 टक्के घट, दोन ते तीनला 30, तीन ते चारला 40, चार ते पाचला 50. म्हणजे 8 लाखांची गाडी साडेतीन वर्षांची असेल तर 4 लाख 80 हजार. हा काही बाजारभाव नव्हे. चांगल्या चालणाऱ्या मॉडेलला जास्त मिळतात, पडून राहिलेल्याला कमी. पण बोलणी कुठून सुरू करायची, ते तरी कळतं.

अजून दोन गोष्टी. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरायलाच हवा. त्याआधीच्या भावाचा दाखला कोणी दिला तर ऐकू नका. दुसरं, जुन्या गाडीवरचा 18 टक्के जीएसटी नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे. घरगुती मालकाकडून घेताना तो लागत नाही. कोणी तो मागितला तर सरळ नाही म्हणा.

गुजरात-एमपी पासिंगची गाडी स्वस्त दिसते. त्यात एनओसीची धावपळ आणि इथला रोड टॅक्स मिळवा, मग बोला. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, चलन थकलेत का, हे एमपरिवाहनवर बघा.

विकणाऱ्यांनो, पैसे हातात आले म्हणजे सुटलो असं समजू नका. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलंय, अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. टीटी फॉर्मवर नुसत्या सह्या करून गाडी देणं म्हणजे हा धोका अंगावर घेणं.

शेवटी भाव बाहेरून येणार नाही, आपल्यालाच तयार करावा लागेल. गावात एक वही ठेवू. मॉडेल, वर्ष, किलोमीटर, कितवा मालक आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम. नावं नकोत. ट्रॅक्टर, मोटारसायकलही लिहा. वर्षभरात पन्नास नोंदी झाल्या तरी कुठल्याही एजंटाला आकडा फेकण्याआधी दहा वेळा विचार करावा लागेल.

सुरुवात इथूनच करू. गेल्या दोन वर्षांत गाडी घेतली-विकली असेल तर खरा आकडा खाली लिहा. फुगवून नको, लाजूनही नको.