गोणी आणि फ्लेक्स

पावसाळा सरून गवत पिवळे पडू लागले की भोर-वेल्ह्याच्या गडांवर दर रविवारी श्रमदानाच्या मोहिमा निघतात. बाजारवाडीतून रोहिड्यावर, गुंजवण्यातून राजगडावर, वेल्ह्यातून तोरण्यावर पोरे टिकाव, घमेली आणि रिकाम्या गोण्या घेऊन चढतात. पदरचे पैसे, हक्काची सुट्टी आणि दुपारी पिठलं-भाकरी. अशांबद्दल वाकडे बोलू नये. तरी थोडे बोलतो.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले; त्यात राजगड आहे. वेल्हे तालुक्याला त्याचे नाव द्यायचे तर सरकारने 2024 मध्येच ठरवले होते. साहजिकच उत्साहाचा लोंढा तिकडे. शेजारचा तोरणा यादीत नाही, भोरचा रोहिडा नाही, रायरेश्वरही नाही. तिथला कचरा अजून जागतिक दर्जाचा व्हायचा आहे.

कचऱ्याचे काय करावे हे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात तीनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे. केर गडाखाली लोटू नये, जागच्या जागी जाळावा, राख परसात घालून भाजीपाला करावा. वेफरच्या पिशवीच्या राखेवर कोथिंबीर उगवत नाही, एवढीच आजची अडचण. म्हणून गोणी पाठीवर मारून उतरावे लागते. अमात्यांचा आणखी एक दंडक होता : गडाची वाट सोपी नसावी; असेल तर मोडून तिच्यावर झाडी वाढवावी. वाट मोडण्याचे काम हल्ली पर्यटक करतात. वळणे गाळून सरळ उभे चढतात, पुढच्या पावसात त्या शॉर्टकटचा ओहोळ होतो, मूळ वाट ढासळते आणि ती दगड लावून सावरायला पुन्हा तीच पोरे.

आता वाकडे. तटाच्या सांध्यात पिंपळ दिसला की हात शिवशिवतात. पण उपटला तर मुळाबरोबर चिराही हातात येतो, आणि नुसता छाटला तर पुन्हा जोमाने फुटतो. टाक्यातला गाळ हा निव्वळ चिखल नसतो. त्यात खापरे निघतात, एखादे नाणेही असू शकते. तो घमेल्याने दरीत फेकायचा नसतो, चाळायचा असतो. चुन्याच्या जुन्या बांधकामाला सिमेंट थापले की आत पाणी कोंडते. म्हणून संरक्षित किल्ल्यावर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि ती लागावीच. फक्त खात्याने अर्जाला मुदतीत उत्तर द्यावे आणि मोहिमेबरोबर एक जाणकार पाठवावा. बुरुजावर बदाम कोरून आपले आणि तिचे नाव लिहिणारा काही अर्ज करून येत नाही.

राहिला फ्लेक्स. काही मोहिमांत तो घमेल्यांच्या आधी गडावर पोचतो. त्याच्यामागे उभे राहून फोटो होतो, मग तो झाडाला बांधून मंडळी उतरतात. पुढच्या मोहिमेतली पोरे तोच फ्लेक्स कचरा म्हणून गोणीत भरतात.

येत्या रविवारी रोहिड्यावर जाणार असाल तर सॅकमध्ये दोन गोण्या जास्त टाका. फ्लेक्स घरी राहिला तरी चालेल.