कॉम्प्रेसरपाशीच का थांबायचं?

आमच्या वस्त्यांमध्ये एसी मेकॅनिकांची कमी नाही. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, कोकणातली गावं, कुठेही जा. गॅस भरणारा, तांब्याच्या पाइपला डाग देणारा, कॉम्प्रेसर खांद्यावर घेऊन चौथा मजला चढणारा पोरगा भेटतोच. बरेच जण आखातात जातात आणि तिथेही हेच करतात. त्यांच्या हुनराबद्दल मला आदर आहे. पण हा पोरगा ज्या इमारतीच्या गच्चीवर उन्हात बसलेला असतो, तिथेच खाली कोणीतरी कंट्रोल पॅनेल उघडून लॅपटॉप जोडतो आणि कुठला पंप केव्हा चालेल, कुठला व्हॉल्व्ह किती उघडेल, आग लागली तर कुठले पंखे बंद होतील, हे त्या यंत्रणेला ठरवून देतो. या कामाला बिल्डिंग ऑटोमेशन म्हणतात. साइटवर सगळे बीएमएस म्हणतात. तो माणूस आपला मुलगा का नसतो? स्टाफरूममध्ये, मशिदीच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या दस्तरखानावर याची जी उत्तरं मिळतात, ती मला मुळीच पटत नाहीत.

पहिलं उत्तर: "सर, ते इंजिनिअरांचं काम." मी भाषेचा मास्तर आहे, यंत्रांचा नाही. पण माझे काही माजी विद्यार्थी या धंद्यात आहेत आणि त्यांना विचारून विचारून मी एवढं समजून घेतलं आहे. खोली २४ अंशांवर ठेवायची आहे, सेन्सर २७ सांगतो, फरक तीनचा. कंट्रोलर त्या फरकाच्या प्रमाणात थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो. फरक बराच वेळ हटला नाही तर आणखी उघडतो. फरक झपाट्याने कमी होऊ लागला तर आधीच हात आखडता घेतो. या तीन गोष्टींच्या हिशेबाला पीआयडी म्हणतात. पुढे त्यात खोल गणित आहे, कबूल. पण सुरुवात नववीच्या पोराला समजावता येते.

दुसरं उत्तर इंग्रजीचं. "आपली मुलं उर्दू मीडियमची, त्यांना कुठे जमणार!" हे म्हणणारे बहुतेक वेळा शिक्षकच असतात, याचा मला जास्त राग येतो. एक साधी गोष्ट घ्या. पुष्कळ सेन्सर आपलं माप विजेच्या प्रवाहाने कळवतात, ४ ते २० मिलिअँपिअर. सर्वांत कमी मापाला ४, सर्वांत जास्तीला २०. शून्यापासून का नाही? कारण तार तुटली की प्रवाह शून्य होतो. कमीत कमी मापालाही शून्यच ठेवलं असतं, तर माप खरंच खाली गेलंय की तार तुटलीय हे कळलं नसतं. हे समजायला अक्कल लागते, आणि ती उर्दूतही चालते, मराठीतही. मॅन्युअल वाचायला इंग्रजी लागणारच, त्यातून सुटका नाही. पण ज्याला मॅन्युअलमधली गोष्ट आधी आपल्या भाषेत कळली आहे, तो त्या इंग्रजीला घाबरत नाही. आपण मुलाला विषयाच्या दारातच इंग्रजीचा पहारेकरी उभा करतो आणि मग म्हणतो, मूल आत गेलं नाही.

तिसरं उत्तर जास्त गंभीर आहे: "शिकून काय, नाव वाचूनच बाजूला काढतात." मी हे उडवून लावणार नाही. नियमित पगाराच्या नोकऱ्यांमध्ये आपण किती मागे आहोत, हे सच्चर समितीने २००६ मध्येच कागदावर मांडलं, आणि ज्यांना भाड्याचं घर शोधताना नावामुळे नकार मिळाला आहे त्यांना तर अहवालाचीही गरज नाही. सरकारकडून हिशेब मागितलाच पाहिजे: आपल्या वस्त्यांजवळच्या किती आयटीआयमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड आहे, तिथे निदेशक आहेत का, पॅनेल चालू आहेत का. पण भेदभाव आहे म्हणून शिकायचं नाही, हा हिशेब उलटा आहे. एसी मेकॅनिकला काय भेदभाव लागत नाही? त्याला तो लागतोच, वर पाठीचं दुखणंही लागतं.

आता त्या दुकानांबद्दल, जी याच भीतीवर चालतात. "तीन महिन्यांत बीएमएस इंजिनिअर, नोकरी पक्की." माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढून अशा एका क्लासची फी भरली. मुलाला मिळालं काय? एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या स्क्रीन कुठे क्लिक करायच्या हे, आणि सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट. मल्टिमीटर धरायला शिकवलं नाही, वायरिंगचं ड्रॉइंग वाचायला शिकवलं नाही. पहिल्या साइटवर कंपनी दुसरी निघाली आणि पोरगा कोरा पडला.

या धंद्याचा इतिहास माहीत असता तर फी मोजण्याआधीच त्याने प्रश्न विचारला असता. एके काळी प्रत्येक कंपनीचा कंट्रोलर आपलीच बोली बोलायचा. एकदा एकाचं सामान घेतलं की मालक जन्मभर त्याच्याच दारात. अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेने, अ‍ॅशरेने, १९८७ मध्ये सर्वांसाठी एक सामाईक भाषा बनवायला घेतली आणि १९९५ मध्ये ती मानक म्हणून जाहीर केली. तिचं नाव बॅकनेट. त्याआधीपासूनची, १९७९ ची मॉडबस आहेच, तिची नियमावली फुकट मिळते. बॅकनेटची उपकरणं तपासायचं याबे नावाचं सॉफ्टवेअरही फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. भाषेचा मास्तर म्हणून सांगतो, आधी व्याकरण शिका, कंपनीची बोली नंतर आठवड्याभरात येते. दुकानदार नेमकं उलटं विकतो, कारण व्याकरण शिकलेला मुलगा पुन्हा फी भरायला येत नाही.

रस्ता तसा सरळ आहे, फक्त तीन महिन्यांचा नाही. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड: इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा रेफ्रिजरेशन. त्यानंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आणि जो आज मेकॅनिक आहे त्याच्यापाशी तर अशी पुंजी आहे जी कॉलेजच्या पोराकडे नसते: चिलर आजारी पडला की कसा आवाज करतो, हे त्याला कानाने कळतं. त्याला रिले, सेन्सर आणि ड्रॉइंग यांची जोड हवी. काम सोपं नाही, हेही सांगून ठेवतो. इमारत ताब्यात देण्याची तारीख जवळ आली की रात्री जागाव्या लागतात, आणि सर्वांत शेवटी येणारा म्हणून सगळ्यांच्या चुकांचं खापर कंट्रोलवाल्यावर फुटतं. पण नवी मुंबईची डेटा सेंटर, वाळूजचे औषध कारखाने, दुबईचे टॉवर, कोणतीही मोठी इमारत आता त्याच्याशिवाय चालत नाही.

आणि कृपा करून मला अल-जझारीचे फॉरवर्ड पाठवू नका. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा भावांनी पाण्याची पातळी आपोआप राखणारे तरंगते व्हॉल्व्ह वापरले, जझारीने १२०६ मध्ये यंत्रांवर किताब पुरी केली, हे खरं आहे आणि अभिमानाचं आहे. पण फॉरवर्ड करणाऱ्या किती जणांनी आपल्या घरच्या गीझरचा थर्मोस्टॅट उघडून पाहिलाय? वॉरन जॉन्सन नावाचा माणूस अमेरिकेत शिक्षक घडवणाऱ्या शाळेत, म्हणजे आपल्या बीएड कॉलेजसारख्या ठिकाणी, शिकवत होता. वर्ग तापलाय की गारठलाय हे पाहायला शिपाई दर वेळी आत यायचा आणि तास मोडायचा. वैतागून त्याने खोलीचं तापमान खाली तळघरातल्या शिपायाला कळवणारं विजेचं यंत्र बनवलं, १८८३ मध्ये पेटंट घेतलं आणि १८८५ मध्ये कंपनी काढली. एका मास्तरची ही करामत.

आपल्या शाळांचे ट्रस्ट दर वर्षी सत्कारांवर, कमानींवर, शालींवर खर्च करतात. त्यातल्या एका सत्काराच्या पैशात भिंतीवर लावायचं पॅनेल होतं: एक छोटा कंट्रोलर, दोन सेन्सर, चार रिले, एक पंखा, एक बल्ब. तेवढंही जड वाटत असेल, तर शाळेच्या गच्चीवरच्या टाकीपासून सुरुवात करा. तिचा पंप शिपाई आजही हाताने सुरू करतो आणि विसरला की पाणी जिन्यावरून वाहतं. नववीच्या मुलांना एक फ्लोट स्विच, एक रिले आणि एक सावध इलेक्ट्रिशियन द्या. पुढच्या शनिवारी अर्धी सुट्टी आहेच.