बंद संगणक आणि काकतालीय न्याय

ज्वर आलेल्या रोग्याच्या उशाशीं बसल्यावर जुना वैद्य आधीं औषधाची पुडी सोडीत नसे. "काल काय खाल्लें? कोठें गेलां होतां?" असें तो प्रथम विचारी. आदल्या दिवशीं काय पालट झाला हें कळलें म्हणजे निदानाची निम्मी वाट सरे. घरांतील संगणकाच्या बाबतींत मात्र आपण सुशिक्षित माणसें हा साधा क्रम विसरतों. नवा भाग बसविल्यावर यंत्र सुरूच होईनासें झालें, म्हणजे घरांत पहिला शोध चालतो तो कारणाचा नव्हे, अपराध्याचा!

असे प्रसंग अलीकडे पुष्कळ घरीं येतात. विंडोज १० या प्रणालीस तिच्या कंपनीकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. तेव्हां जुन्याच यंत्रांत रॅमची नवी पट्टी किंवा नवी एसएसडी घालून त्याचें आयुष्य वाढवावें, असा काटकसरी विचार अनेकांनीं केला. परिचयाच्या एका कुटुंबांतील महाविद्यालयीन मुलानें हेंच केलें. जुन्या पट्टीच्या जोडीस त्यानें नवी पट्टी बसविली, बटण दाबलें. पंखे फिरूं लागले, दिवा लागला, परंतु मॉनिटर काळा तो काळाच. त्या यंत्रांत आजोबांनीं कित्येक वर्षें खपून सिद्ध केलेल्या कुलवृत्तान्ताची एकुलती एक प्रत होती. "चांगलें चाललेलें यंत्र उघडायला तुला कोणीं सांगितलें होतें?" या वडिलांच्या प्रश्नानें चौकशीस आरंभ झाला आणि तेथेंच ती संपली. दुरुस्ती करणाऱ्यानें वरवर पाहून "मदरबोर्ड जळाला" असा निकाल दिला. आजोबांनीं तेवढें म्हटलें, "दोन दिवस थांबूं या."

कावळा ताडावर बसावयास आणि फळ पडावयास एकच गांठ पडली, म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें सिद्ध होत नाहीं. यासच आपले शास्त्रकार काकतालीय न्याय म्हणतात. नवी पट्टी घातल्यावर यंत्र बंद पडलें, म्हणून नवी पट्टीच सदोष, हें अनुमान त्याच जातीचें आहे. पट्टी बसविण्यास आंत गेलेल्या हातानें शेजारची एखादी वायर सैल केली असेल, किंवा दुसराच भाग हलला असेल. "नंतर झालें" आणि "त्यामुळें झालें" यांतील भेद ओळखण्याचें साधन म्हणजे अन्वय-व्यतिरेक. जें असतां दोष असतो व जें नसतां दोष नसतो, तें कारण. मात्र एका वेळीं एकच पालट करावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या कीं अनुमानाचा पायाच ढासळतो.

प्रथम दोषाची जात ओळखावी. पंखा नाहीं, दिवा नाहीं, सर्व निःशब्द, असें असेल तर वीजच पोंचत नाहीं. भिंतीवरील सॉकेट, पॉवर सप्लायच्या पाठीमागील खटका, मदरबोर्डाचा २४ पिनांचा जोड आणि पुढील बटणाची बारीक वायर हीं क्रमानें पाहावीं. पंखे फिरतात पण मॉनिटर काळा, असें असेल तर संशय रॅम, ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसरला वीज देणारा ४ किंवा ८ पिनांचा निराळा जोड यांवर घ्यावा. हा लहान जोड लावण्याचा राहून जाणें ही फार साधारण चूक आहे. ग्राफिक्स कार्ड नवें बसविलें असून मॉनिटरची वायर मात्र मदरबोर्डाच्या जुन्या छिद्रांतच राहिली, हीही तशीच. मॉनिटरवर अक्षरें उमटतात पण विंडोज येत नाहीं, असें असेल तर दोष बहुधा डिस्कच्या जोडणींत, किंवा कोणत्या डिस्कवरून आरंभ करावा या सूचनेंत असतो.

सुरू होतांना यंत्र स्वतःचीच परीक्षा घेतें. १९८१ मध्यें निघालेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकांतही ही सोय होती. एक आंखूड "पीप" झाला कीं सर्व ठीक. आजच्या अनेक मदरबोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए व बूट अशा नांवांचे चार लहान दिवे असतात. जो पेटून राहील तेथें परीक्षा अडली असें समजावें. परंतु धीर हवा. डीडीआर-५ जातीची रॅम नव्यानें बसविल्यावर पहिल्या वेळीं तिची जुळणी करण्यास यंत्र कांहीं मिनिटेंही घेतें. तेवढ्यांत घाबरून वीज तोडूं नये.

आतां व्यतिरेक. प्लग काढून, बटण क्षणभर दाबून उरलीसुरली वीज जाऊं द्यावी व कॅबिनेटच्या उघड्या धातूस हात लावून मगच आंत हात घालावा. कारण आपणांस जाणवतही नाहीं इतकी अंगावरची स्थिर वीज नाजूक भागांस मारक होऊं शकते. नंतर प्रोसेसर, त्याचा पंखा व रॅमची एकच पट्टी एवढेंच ठेवून बाकी सर्व उतरवावें. प्रोसेसरांत चित्र दाखविण्याची सोय नसेल तर ग्राफिक्स कार्ड मात्र राहूं द्यावें. यंत्र चाललें तर एकेक भाग परत घालीत जावें; ज्याच्या येण्यानें तें थांबेल तो संशयित. तरीही निर्णयाची घाई नको. तीच पट्टी दुसऱ्या खोबणींत आणि दुसरी पट्टी त्या खोबणींत घालून पाहावी, म्हणजे दोष पट्टीचा कीं खोबणीचा हें कळतें.

रॅमची जातही पाहावी. मोठ्या संगणकाच्या डीडीआर-३ पट्टीस २४० पिना असतात, डीडीआर-४ व डीडीआर-५ या दोहोंस २८८. परंतु मधली खांच प्रत्येकीची निराळ्या जागीं असते. म्हणून पट्टी बसत नसेल तर बळ करूं नये. जात योग्य असेल तर मात्र दोन्ही टोंकें दाबून खिटी "खट्" करून मिटेपर्यंत बसविली पाहिजे. एवढ्यानें भागलें नाहीं, तर मदरबोर्डावरील सीआर२०३२ ही ३ व्होल्टांची नाण्याएवढी बॅटरी थोडा वेळ काढून परत घालावी, म्हणजे बहुतेक यंत्रांत मूळच्या सूचना परत येतात. पण येथें सावध! डिस्क बिटलॉकरनें कुलूपबंद असेल, तर अशा पालटानंतर यंत्र ४८ अंकी कुंजी मागूं शकतें, आणि ती नसेल तर आंतील कागदपत्रें धन्यासही उघडत नाहींत. ती कुंजी आधींच वहींत उतरवून ठेवावी. जळका वास आला तर तेथेंच थांबावें, व पॉवर सप्लायची पेटी तर कधींच उघडूं नये. प्लग काढल्यावरही तींत घातक वीज शिल्लक असूं शकते.

त्या कुटुंबांत पुढें काय झालें? मुलानें जुनी पट्टी काढून एकटी नवी ठेवली, आणि यंत्र तत्काळ सुरू झालें. जिच्यावर सर्वांचा डोळा होता ती निर्दोष ठरली. नवी बसवितांना जुन्या पट्टीचें एक टोंक वर उचललें गेलें होतें, एवढाच काय तो दोष! ती काढून नीट बसवितांच दोन्ही पट्ट्या नांदूं लागल्या. मदरबोर्डाचा खर्च वांचला, आणि कुलवृत्तान्ताची दुसरी प्रत त्याच रात्रीं निराळ्या डिस्कवर उतरली. तें लेखन डिस्कवर सुखरूपच होतें. ती डिस्क दुसऱ्या यंत्रास जोडूनही बहुधा वाचतां आली असती, हें त्या दोन दिवसांत कोणास सुचलें नाहीं.

तेव्हां वाचकहो, यापुढें आपल्या घरीं यंत्र उघडावयाचें असेल तर आधीं महत्त्वाच्या लेखनाची दुसरी प्रत करावी, आंतील जोडण्यांचें छायाचित्र घ्यावें, आणि मुलगा अथवा मुलगी हात आंत घालीत असतां वडीलधाऱ्यांनीं प्रश्न विचारण्याऐवजीं विजेरी धरावी.