माल आपला, नोंद कोणाची?



अंधेरी-बोरिवली असो की मुलुंड-घाटकोपर, तिथली घरे आता ज्वारीचे पीठही फोनवर मागवतात. २०२१ साली मुंबईत सुरू झालेल्या झेप्टोसारख्या कंपन्या वस्तीतल्याच छोट्या गोदामातून काही मिनिटांत पिशवी दारात टाकतात. गिऱ्हाईक दाणा दाताखाली फोडून पाहत नाही. त्याच्यापुढे असतो एक फोटो आणि चार ओळी.

या चार ओळी कचेरीत बसलेली मुले लिहितात. मालाचे नाव, वजन, कमाल किंमत, भरणाऱ्याचा पत्ता एवढे दाखवणे १ जानेवारी २०१८ पासून कायद्याने सक्तीचे आहे. मालाला क्रमांक पडतो, साठा मांडला जातो. फोनवर दहा पिशव्या आणि गोदामात आठच, असे झाले की दोन गिऱ्हाइके तुटतात. म्हणजे या धंद्यात माल विकण्याआधी मालाची नोंद विकली जाते.

या नोंदीत आपण कुठे आहोत? भारतात घेतलेल्या बारकोडचे आकडे ८९० ने सुरू होतात, पण त्यावरून ज्वारी कोणत्या शिवारातली ते कळत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पिशवीवर नुसते 'ज्वारीचे पीठ' छापले, तर त्या मानांकनाची किंमत शून्य! मालदांडी आणि संकरित एकाच पोत्यात गेली, की मुंबईचा कोणताही हुशार मुलगा ती वेगळी लिहू शकत नाही.

कापसाच्या एकाधिकार खरेदीत आपण हे भोगले आहे. ग्रेडर प्रत लावी आणि प्रतीवर भाव ठरे. आपल्या हातात आपला स्वतःचा कागद नसे, म्हणून भांडणही लंगडे पडे.

तेव्हा खरी नोंद खळ्यावरच झाली पाहिजे. गाव, वाण, मळणीचा महिना, वजन, ओलावा या पाच गोष्टी प्रत्येक पोत्यावर आणि वहीत लिहा. वाण मिसळू नका. गावच्या उत्पादक कंपनीने माल दिला, तर ह्याच ओळी फोनवर उतरतील अशी अट करारात घालावी.

एवढ्याने भाव वाढेल असे आम्ही म्हणत नाही. कंपनीचे कमिशन, भाडे, परत आलेला माल वजा करूनच हिशेब मांडायचा आहे. पण तो मांडायला आधी वही आपली हवी. या सुगीपासून ती सुरू करा आणि पुढच्या जिल्हा बैठकीला बरोबर आणा.