रविवार कोणाचा, डोंगर कोणाचा?

गेल्या महिन्यात सालेकसा येथे तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत मी एक साधी सूचना मांडली. यंदाच्या युवक अभ्यासशिबिराचा पहिला दिवस सभागृहात न घालवता डोंगरात चालण्यासाठी ठेवावा. दरेकसा स्थानकावर उतरावे, धनेगावमार्गे कचारगडाला जावे आणि दिवस मावळण्यापूर्वी परत यावे, एवढेच माझे म्हणणे होते. त्यावर एक जुने, तुरुंगवास भोगलेले सहकारी उठले आणि म्हणाले, "सर, आमच्या माणसाची पायपीट जन्मभर सरत नाही. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईला तुम्ही हौसेने डोंगर चढायला सांगणार काय? ही पुण्या-मुंबईच्या सुखवस्तूंची चैन आहे." टाळ्या पडल्या आणि सूचना बारगळली.

या सहकाऱ्यांच्या निष्ठेविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. परंतु त्यांचा युक्तिवाद मला मान्य नाही, आणि तो केवळ एका शिबिरापुरता नसल्यामुळे येथे त्याचा जाहीर समाचार घेणे मला आवश्यक वाटते.

तेंदूपत्त्याचे ओझे घेऊन डोंगर उतरणारी बाई आणि सुटीच्या दिवशी तोच डोंगर चढणारा तरुण यांच्या चालण्यात फरक आहे, हे उघड आहे. पहिले चालणे पोटाने लादलेले आहे, दुसरे स्वेच्छेचे आहे. पण यावरून स्वेच्छेने चालणे हा गुन्हा ठरतो काय? श्रमिकाच्या आयुष्यात सक्तीचे तास कमी व्हावेत आणि स्वतःच्या मालकीचे तास वाढावेत, याचसाठी तर समाजवादाचा सारा खटाटोप आहे. कामाच्या तासांचा लढा हा विश्रांतीच्या तासांचाही लढा असतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ सालापासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना रविवारची सुटी मान्य करावी लागली. आज आपण जो रविवार सहज उपभोगतो, तो कोणा धन्याच्या औदार्यातून आलेला नाही. त्या रविवारी कामगाराने काय करावे, हे ठरविण्याचा अधिकार मालकाला नाही, तसा तो आपल्यालाही नाही. मात्र तो रविवार दारूच्या गुत्त्याने किंवा मोबाइलच्या पडद्याने गिळून टाकावा आणि आपण 'चैन नको' म्हणून हात झटकावेत, हे कोणत्या तत्त्वज्ञानात बसते?

युरोपातील समाजवाद्यांनी हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच सोडविला होता. १८९५ साली व्हिएन्नात शिक्षक गेओर्ग श्मीडल, लोहार आलोइस रोहराउअर आणि विद्यार्थी कार्ल रेनर यांच्या पुढाकाराने 'निसर्गमित्र' ही कामगारांची भ्रमणसंघटना जन्मास आली. आल्प्सच्या वाटा तोवर उमराव आणि धनिकांच्या क्रीडांगणासारख्या होत्या. तेथे कामगार आपल्या रविवारी जाऊ लागला. या संघटनेने डोंगरांत कामगारांसाठी निवारे उभारले. हाच रेनर पुढे ऑस्ट्रियाच्या प्रजासत्ताकाचा पहिला चॅन्सेलर झाला. ही संघटना निरुपद्रवी सहलखोरांची असती, तर १९३३ साली जर्मनीत नाझींनी आणि १९३४ साली ऑस्ट्रियातील हुकूमशाहीने तिच्यावर बंदी घालण्याची तसदी घेतली नसती.

चालण्याच्या हक्काची झळ किती खोलवर लागते, याचे आणखी दोन दाखले पाहा. ९ ऑक्टोबर १९३० रोजी, बालाघाटच्या पलीकडल्या शिवनी जिल्ह्यातील तुरिया येथे, राखीव जंगलातील गवत कापण्यासाठी जमलेल्या सत्याग्रहींवर गोळीबार झाला. चौघे धारातीर्थी पडले; त्यांत तीन स्त्रिया होत्या. त्यानंतर अवघ्या दीड वर्षाने, २४ एप्रिल १९३२ रोजी, इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि आसपासचे शेकडो तरुण कामगार किंडर स्काउट या पठारावर शिरले. ती जमीन सरदार-जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवली होती. बेनी रॉथमन या विशीतल्या तरुणासह पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ साली मजूर पक्षाच्या राजवटीत राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील प्रवेश यांविषयीचा कायदा झाला, त्यामागे या चळवळीचाही रेटा होता. तुरियाच्या बायकांना गवत हवे होते, मँचेस्टरच्या मुलांना मोकळी हवा हवी होती. दोघांची गरज सारखी नव्हती आणि दोघांनी मोजलेली किंमतही सारखी नव्हती. पण दोघांसमोरचे कुंपण एकाच वृत्तीने घातलेले होते. महात्मा फुल्यांनी १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याच्या ज्या हव्यासावर कोरडे ओढले, तीच ही वृत्ती.

आता सहकाऱ्यांच्या आक्षेपातील सत्यांशही मान्य केला पाहिजे. डोंगरभ्रमंतीचा आज बाजार झाला आहे, हे खरे. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दिखाऊ उपभोगाचे जे विवेचन केले, त्याचा ताजा नमुना पाहायचा असेल तर भ्रमंतीच्या साहित्याचे दुकान पाहावे. चालायला शिकण्याआधी बूट, काठी, पाठपिशवी, विशिष्ट कापडाचा सदरा, सारे काही विकत घ्यावे लागते, असा समज नवख्याच्या मनात रुजविला जातो. शहरातून माणसे येतात, छायाचित्रे काढतात, प्लास्टिक टाकतात आणि पैसा जसा येतो तसा शहरात परत जातो. पण यावर उपाय काय? डोंगर त्यांच्या हवाली करून आपण सभागृहात बसणे? ज्या क्षेत्रातून समाजवादी माघार घेतो, ते क्षेत्र बाजार व्यापतो. ग्रंथालये, व्यायामशाळा आणि कलापथके यांच्या बाबतीत आपण हे डोळ्यांदेखत पाहिले आहे.

म्हणून नवख्यांसाठी चार गोष्टी स्वानुभवावरून सांगतो. मी स्वतः साठी उलटल्यावर चालू लागलो आणि पहिलाच धडा फजितीचा मिळाला. एप्रिलअखेर, भर दुपारी, पायांत चामडी चप्पल आणि हातात पाण्याची एक लहान बाटली घेऊन मी निघालो. तासाभरात पाणी संपले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पत्त्याचा भारा घेऊन येणाऱ्या एका गोंड बाईने तुंब्यातले पाणी पाजले आणि सावलीत बसविले. "गुरुजी, या उन्हात आम्हीसुद्धा निघत नाही," एवढेच ती म्हणाली. अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी त्या दिवशी कामास आली नाही.

तेव्हा आरंभ कार्तिक-मार्गशीर्षात करावा. विदर्भाच्या उन्हाळ्यात नव्हे. आधी महिनाभर रोज सकाळी गावाच्या तलावाला फेरी मारावी, तीन-चार किलोमीटर विनासायास जमू लागले म्हणजे चढाची वाट धरावी. नवे बूट नकोत. पायाला सरावलेले, तळ न घसरणारे जुने बूट उत्तम. माणशी दोन लिटर पाणी, भाकरी, गूळ, दोरी आणि विजेरी एवढे सामान पुरे. एकट्याने जाऊ नये. कोठे जातो आणि केव्हा परतणार, हे गावात सांगून जावे. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीने सगळ्यांनी चालावे. निम्मा वेळ संपला की शिखर दिसत असले तरी मागे फिरावे. कपारीत आग्या मोहोळ दिसल्यास धूर, गोंगाट आणि अत्तर वर्ज्य. मोहफुले गळण्याच्या दिवसांत पहाटे अस्वले मोहाखाली येतात, त्या वेळी जंगलात शिरू नये. पावसाळ्यात हाजरा धबधब्याच्या ओल्या खडकांवर धाडस दाखवू नये.

आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे कचारगड हे सहलीचे ठिकाण नव्हे. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या स्मृतीशी जोडलेले ते गोंड समाजाचे श्रद्धास्थान आहे. माघ पौर्णिमेच्या यात्रेला अनेक राज्यांतून माणसे तेथे येतात. तेथे पाहुण्याच्या मर्यादेने जावे. गावाला आधी विचारावे, वाटाड्या गावचाच घ्यावा आणि त्याला किमान वेतनाहून कमी नाही अशी रोजी द्यावी. चहापाण्यावर भागविणारा समाजवादी माझ्या लेखी ठेकेदाराचाच भाऊ होय.

अशा एका दिवसात कार्यकर्ता जे शिकेल, ते माझ्या दहा व्याख्यानांत शिकणार नाही. साजाच्या झाडाला गोंड माणूस का नमस्कार करतो, तेंदूच्या एका पुड्याला किती पाने लागतात, गावाची सीमा कोठे संपते आणि राखीव जंगल कोठे सुरू होते, हे त्याला वाटाड्याकडून कळेल. २००६ सालच्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसमाजाला दिला आहे. त्या हक्काचा दावा भरताना नकाशा लागतो, सीमा दाखवाव्या लागतात, वाटा, पाणवठे आणि देवस्थाने नोंदवावी लागतात. ज्याने ती वाट पायाखाली घातलेली नाही, तो कार्यकर्ता ग्रामसभेला कोणती मदत करणार? आपण पदयात्रा काढतो, मोर्चे नेतो. पण ज्या भूमीविषयी घोषणा देतो, ती भूमी डांबरी रस्त्यावरूनच पाहतो.

माझ्या सहकाऱ्यांना म्हणूनच माझी विनंती आहे, की सूचना पुन्हा विचारात घ्यावी. ठराव नाही झाला तरी चालेल. मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी मी दरेकसा स्थानकावर सकाळच्या गाडीने उतरणार आहे. धनेगावच्या मंडळींशी बोलणे झाले आहे. ज्यांनी माझ्या सूचनेविरुद्ध टाळ्या वाजविल्या, त्यांच्यासाठीही भाकरी बांधून आणीन.