लिहून देणार बहीण, लिहून घेणार भाऊ



दशलक्षण पर्व संपतं, दिवाळी जवळ येते आणि आपल्या घरांमध्ये आणखी एक पर्व सुरू होतं. त्याला नाव नाही. बहीण भाऊबीजेला माहेरी येणारच असते, म्हणून भाऊ दुय्यम निबंधक कार्यालयातलं काम त्याच आठवड्यात धरतो. ओवाळणी होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऑफिस उघडतं, बहीण कॅमेऱ्याकडे बघते, अंगठा लावते, सही करते. घरी आल्यावर वहिनी साडी देते. कागदावर लिहिलेलं असतं की हे सगळं तिने स्वखुशीने, कसल्याही दबावाशिवाय आणि मोबदला न घेता केलं. त्या कागदाचं नाव हक्कसोडपत्र.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या पद्धतीने ही सही घेतली जाते, तिला त्याग म्हणू नका. आपल्या धर्मात तिला वेगळा शब्द आहे: अदत्तादान. न दिलेलं घेणं. अचौर्य अणुव्रत घेतलेल्या घरात तरी हा प्रकार थांबला पाहिजे.

आमच्या संत तुकाराम नगरात कितीतरी घरांचं मूळ बाहेरगावचं. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगर. कुणाचे वडील कंपनीत लागले, कुणाचे सासरे. गावाकडे शेती, इथे फ्लॅट. आणि आजूबाजूला मोशी, चिखली, तळवडे, पुढे चाकणपर्यंत अशी गावं, जिथे ज्वारी-बाजरीच्या रानांत आता कारखाने आणि टॉवर उभे आहेत. जमिनीला भाव नव्हता तेव्हा बहिणीची आठवण कुणाला नव्हती. सातबाऱ्यावर भावांची नावं कब्जेदार म्हणून आणि बहिणींची लागलीच तर ‘इतर हक्कात’. मग एक दिवस बिल्डरचा वकील कागद तपासतो आणि म्हणतो, बहिणींच्या सह्या लागतील. त्या दिवशी वीस वर्षांत न आलेला फोन येतो. ‘ताई, कशी आहेस? एक छोटंसं काम होतं.’

छोटंसं कसलं! भावाच्या नावे वडिलोपार्जित मिळकतीचं हक्कसोडपत्र पूर्वी दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर होत असे, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेच्या. कायद्याने शुल्क कमी ठेवलं ते घरातली वाटणी सोपी व्हावी म्हणून. आपण ती सोय बहिणीला बाहेर काढण्यासाठी वापरली.

आता कायदा काय म्हणतो ते नीट वाचू या, कारण ‘आपण जैन, आपल्याला हिंदू कायदा लागत नाही’ असं मी मंदिराच्या ओट्यावर स्वतः ऐकलं आहे. लागतो. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे, तसं त्याच्या दुसऱ्या कलमातच लिहिलं आहे. वडिलांची स्वतःच्या कमाईची मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर आई, मुलगे आणि मुली यांचा हक्क सारखा. म्हणजे मागे आई, एक भाऊ आणि दोन बहिणी असतील तर फ्लॅटचे चार सारखे हिस्से. सोसायटीत भावाचं नाव नॉमिनी म्हणून असलं तरी तो मालक होत नाही. इतर वारसांचा हक्क कायम राहतो.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून वाटा मिळायला वेळ लागला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून तो दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली आणि लग्नाची अट गेली. तरी वडील त्या तारखेला हयात असले पाहिजेत की नाही, यावर पुढे पंधरा वर्षं वाद चालला. अखेर ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात सांगितलं की तशी अट नाही, मुलीचा हक्क जन्माने आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत.

आपल्या समाजाला तर हे नवं वाटायचं कारणच नव्हतं. १८७८ साली प्रिव्ही कौन्सिलने उत्तरेतल्या एका जैन घराच्या खटल्यात, शिवसिंग राय विरुद्ध दाखो, असं मान्य केलं की जैन रूढीप्रमाणे मूल नसलेल्या विधवेला नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर पूर्ण मालकी मिळते, आणि तिला नवऱ्याच्या परवानगीशिवाय दत्तक घेता येतो. त्या काळात इतर हिंदू विधवांना सहसा हयातीपुरता हक्क असे. दीडशे वर्षांपूर्वी आपली रूढी बाईच्या बाजूने कोर्टात उभी होती. आज तीच रूढी म्हणून आपण बहिणीसमोर पेन धरतो.

आता नेहमीची उत्तरं घेऊ.

‘लग्नात दिलं की तिला.’ लग्नाचा खर्च म्हणजे वारसा नव्हे. मांडवात जेवलेल्या हजार माणसांचा हिशेब बहिणीच्या खात्यात का? आणि भावाच्या लग्नाला खर्च झाला नव्हता का? तो त्याच्या वाट्यातून कुणी वजा केला?

‘ती सासरीही घेणार, इथेही घेणार.’ हे तर सरळ चूक आहे. सून सासऱ्यांच्या मिळकतीत जन्माने वाटेकरी नसते. तिला मिळतं ते नवऱ्यामागे, त्याची वारस म्हणून. नवरा आहे तोवर तिच्या नावावर सासरी बहुधा काहीच नसतं. नवऱ्याने टाकलं तर ती कुठे जाते? माहेरी. आणि तिथे तिने आधीच हक्क सोडलेला असतो.

‘आईवडिलांना आम्ही सांभाळलं.’ या उत्तरात वजन आहे, ते मी मानते. ज्याने आजारपणं काढली त्याला जास्त मिळावं असं वडिलांना वाटलं तर त्यांनी स्वतःच्या कमाईपुरतं मृत्युपत्र करावं. दोन साक्षीदार लागतात, नोंदणीही सक्तीची नाही. पण वडील बोलले नाहीत म्हणून भावाने स्वतःच न्यायाधीश होऊ नये. शिवाय आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने मुलींवरही टाकली आहे. जबाबदारी बरोबरीची आणि वाटा शून्य, हे कोणतं गणित?

‘माहेर तुटेल.’ मला सर्वात राग या वाक्याचा येतो. हे प्रेमाचं वाक्य नाही, धमकी आहे. जे माहेर सहीवर टिकतं ते तुटायचं राहिलंय कुठे?

आणि शेवटचं, खास आपलं उत्तर: ‘आपण अपरिग्रही माणसं, बहिणीने मोह सोडावा.’ वा! परिग्रहाचं परिमाण बहिणीने करायचं आणि तिने सोडलेलं भावाच्या परिग्रहात जमा करायचं? उत्तम त्याग आणि उत्तम आकिंचन्य ही दशलक्षणातली धर्माची अंगं आहेत, ती दुसऱ्याकडून वसूल करायची नसतात. हातात आलेलंच सोडता येतं. आधी तिचा वाटा तिच्या नावावर येऊ द्या. मग तिला तो मंदिराला, गोशाळेला, भाच्याच्या शिक्षणाला, कुठेही देऊ द्या. तेव्हा आपण त्याला दान म्हणू.

आमच्या नगराला ज्यांचं नाव आहे त्या तुकोबांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. कर्जाची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. पण कथा सांगते की आधी धाकट्या भावाचा, कान्होबाचा निम्मा वाटा त्याच्या हाती दिला, आणि बुडवली ती आपल्या वाट्याची. संताला कळत होतं की वैराग्य आपल्याच हिश्श्यावर करायचं असतं.

हे पुस्तकी बोलणं नाही, आपल्या पट्ट्यात हे घडलेलं आहे. चाकणजवळच्या आंबेठाणला राहून शेतकऱ्यांची चळवळ उभी करणाऱ्या शरद जोशींनी १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्यायचा. हजारो साध्या शेतकऱ्यांनी तो दिला. त्यांची घरं मोडली नाहीत. मग रोज अभिषेक करणाऱ्या आपल्या घरांना काय अडतं?

म्हणून भगिनींनो, पुढचं लक्षात ठेवा. वडील हयात असताना त्यांच्या स्वकमाईच्या मिळकतीवर हक्कसोड मागितला तर थांबा. जो हक्क अजून आलाच नाही तो सोडता येत नाही. कागद आदल्या दिवशी घरी मागा आणि पूर्ण वाचा. गट नंबर, क्षेत्र, फ्लॅट नंबर बघा, कारण एका जमिनीच्या नावाखाली सगळी मिळकत लिहिलेली असू शकते. सातबारा मोबाइलवर बघता येतो, तो बघा. नोंदणीशिवाय नुसत्या नोटरीच्या कागदावर हक्क जात नाही, हेही माहीत असू द्या. फसवून किंवा दडपणाने सही घेतली असेल तर कोर्टात दस्त रद्द करून मागता येतो, पण कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

आणि आईलाही सांभाळा. मुलाला कर्ज हवं म्हणून विधवा आई आपला हिस्सा सोडते, आणि ज्या घरात तिने चाळीस वर्षं चूल सांभाळली तिथे कागदावर पाहुणी होते. तिची सही तर सगळ्यात शेवटी मागावी, किंवा मागूच नये.

भावांनो, तुमच्यातलेही काही हा ब्लॉग वाचता हे मला माहीत आहे. आदिनाथांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक. आपल्या मुलींना अक्षरं आणि हिशेब दोन्ही येतात. क्षमावाणीच्या दिवशी बहिणीला फोन करून उत्तम क्षमा म्हणाल, तेव्हा त्याच फोनवर एवढं विचारा: ‘ताई, बाबांच्या मिळकतीत तुझा वाटा आहे, तो तुला कसा हवा?’ ती नको म्हणाली तर तिला विचार करायला वर्षभर द्या. हवा म्हणाली तर मोजून द्या. भाऊबीजेचा मुहूर्त त्यासाठीही चालतो.